कोरडा पोचारा

२ एप्रिल, बुधवार

पोचलो एकदाचा. मानोऱ्याहून वाशीम, वाशीमहून जऊळक्याचा फाटा, आणि तिथून हत्यारांची पेटी मांडीवर घेऊन खताच्या ट्रॉलीतून घरापर्यंत. अंगभर धूळ, पण मन वरातीला निघालेल्या पोरासारखं हलकं आहे. आजवरचं आयुष्य मोटारपंपाचे शाफ्ट घासण्यात आणि रसवंतीचे रोळ खरादण्यात गेलं. एखादी सुंदर वस्तू करून द्या म्हणून मला कोणी बोलावल्याचं हे पहिलंच.

बोलावणारे जगदेवराव. वय सदुसष्टच्या घरात, पाठ ताठ, केस बारीक कापलेले. तरुणपणी नौदलात भरती झाले, तिथे तोफांवर चाकरी केली आणि निवृत्त होऊन गावी परतले. बायको वारली, मुलगी ज्योत्स्ना पुण्याला असते. घरात दुसरं माणूस म्हणजे त्यांची विधवा थोरली भावजय रंगूबाई. त्या सध्या भावाच्या नातीच्या बाळंतपणाला अनसिंगला गेल्या आहेत.

वाटेत स्टेशनाजवळच्या सेवालालच्या टपरीवर चहा घेतला. कोणाकडे आणि कशाला आलो ते सांगितल्यावर सेवालालने गाळणी तशीच हवेत धरली. "इथं प्याले पानी नाही, अन् जगदेवदाजी जहाजाची तोफ करून राह्यले," तो म्हणाला. "तोफ झाली की जहाज बी करा म्हना. आमी धुऱ्यावरून वल्हवू." शेताच्या बांधावरून वल्हवायचं जहाज! बाकावरचे सगळे हसले. मीही हसलो.

जागा छान आहे. शेतातच घर, बाजूला पत्र्याचं लांब शेड, शेडमध्ये जुना पण नीट राखलेला लेथ आणि कोपऱ्यात भट्टीची जागा. शेडच्या मागे कडुलिंब. त्याच्या सावलीत मोठाल्या फरशा टाकून बंद केलेली एक विहीर. माझी खोली लिंबाच्या बाजूलाच आहे, वारा चांगला येतो. देवाची तसबीर मांडली, दिवा लावला. रोज चार ओळी लिहायची सवय शाळेतल्या गुरुजींनी लावली, ती अजून सुटलेली नाही. आजच्या चार ओळी जास्तच झाल्या.

४ एप्रिल, शुक्रवार

तोफेची ओळख झाली. कोकणात एका पाण्यातल्या किल्ल्यावर पडलेली ही जुनी आरमारी तोफ जगदेवरावांनी नोकरीत असताना पाहिली. सुटीच्या दिवशी होडीने जाऊन तिची मापं घेतली, तिच्यावरच्या वेलबुट्टीवर कागद ठेवून पेन्सिल घासली. ते कागद अजून जपून ठेवले आहेत. मूळ तोफेच्या पाचव्या हिश्श्याची करायची, म्हणजे नळी साधारण हातभर. शोभेची नको, उडणारी हवी. महाराष्ट्र दिनाला गावच्या शाळेत झेंडा चढला की हिचा रिकामा बार काढायचा, असं त्यांनी शाळेला कबूल केलं आहे. जत्रेत उखळ्या उडवणाऱ्या परवानेवाल्याशीही बोलणं झालं आहे.

त्यांनी मला कवायत समजावली. दारू भरायची, ठासायची, बत्ती द्यायची. आणि प्रत्येक बारानंतर पोचारा. पोचारा म्हणजे काठीच्या टोकाला मेंढीचं कातडं गुंडाळून केलेला ओला बोळा. तो तोंडातून थेट बुडापर्यंत फिरवायचा, कारण आत एखादी ठिणगी जिवंत राहिली तर पुढची दारू भरणाऱ्याचाच हात जातो. जहाजावर काय नव्या तोफा आणि काय जुन्या, ते म्हणाले, तोफेला आगीआधी पाणी लागतं.

माझ्या नावाचाही विषय निघाला. मी सांगितलं की आईची आधीची लेकरं जगली नाहीत, म्हणून जन्मल्याबरोबर मला उकिरड्यावर लोळवलं आणि नाव ठेवलं उकंडा. फेकलेली वस्तू यम उचलत नाही, असं आई म्हणायची. जगदेवरावांनी ते नाव एकदा उच्चारून पाहिलं. मग म्हणाले, चांगलं नाव आहे.

९ एप्रिल, बुधवार

लाकडी साचा झाला, वाळू भिजवून दाबून ठेवली. तांबं आणि कथील अकोल्याहून आलं. माझ्या उस्तादांची एक रीत होती, ती मी कधी मोडली नाही. ज्याची वस्तू, त्याच्या घरचं थोडं पितळ ओतात पडलं पाहिजे. मग वस्तू घर ओळखते, परकी राहत नाही. तसं मी मागितलं. मला वाटलं एखादी पळी नाहीतर फुटकी समई मिळेल.

जगदेवराव देवघरातून लाल फडक्यात बांधलेले चार टाक घेऊन आले.

घरातलं माणूस गेलं की पत्र्यावर त्याचा चेहरा ठोकून तो देवात बसवतात, तो टाक. सहसा चांदीचा असतो. हे पितळेचे होते, दुष्काळात केलेले. चिंच आणि राख लावून घासता घासता चेहरे सपाट झाले होते, डोळ्यांच्या जागी नुसते टिंब. त्यांनी ते एकेक करून माझ्या तळहातावर ठेवले. वडील, दोन काका आणि थोरला भाऊ, म्हणजे रंगूबाईंचे मालक.

बाहत्तर साली लिंबाखालची विहीर आटली. गाळ काढायला वडील उतरले आणि खाली बसले ते उठेनात. त्यांना काढायला एक काका उतरले. त्यांना काढायला दुसरे. मग थोरला भाऊ. विहिरीत वायू साचला होता, दिवा सोडून पाहायचं कोणाला सुचलं नाही. शेवटी काठावर उरले चौदा वर्षांचे जगदेव आणि नवी नवरी रंगूबाई. जगदेव उतरायला निघाले, तेव्हा रंगूबाईंनी त्यांना कंबरेला मिठी घालून लिंबाशी दाबून धरलं, गावातली माणसं येईपर्यंत. तेव्हापासून दर अखजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, भर दुपारी त्या चौघांना त्या पाणी देतात.

रंगूबाई थकल्या. त्यांच्यामागे या टाकांना पाणी कोण देणार? ज्योत्स्ना ते पुण्याला नेणार नाही. तोफेत गेले तर गावात राहतील आणि दर वर्षी पोचाऱ्याचं पाणी त्यांच्या तोंडी लागेल. जगदेवरावांनी हे इतकं शांतपणे सांगितलं की माझे डोळे भरून आले. टाक झिजला की तो मोडून त्याच धातूचा नवा करतात, म्हणजे माणूस नव्यात येऊन बसतो, हे मलाही ठाऊक आहे. फक्त मोडण्याआधी त्याला पाणी देऊन उठवावं लागतं. रंगूबाईंना कळवलं का, असं मी विचारलं. आल्या की सांगू, म्हणाले.

मी हो म्हटलं. हेतू शुद्ध असला की देव सांभाळून घेतो.

११ एप्रिल, शुक्रवार

ओतलं. मूस उचलताना नामस्मरण चालू होतं. टाक शेवटी टाकले. पातळ पत्रे, पण विरघळायला वेळ घेतला. रस साच्यात कुठेही न अडता गेला. असं स्वच्छ ओतकाम माझ्या हातून कधी झालं नव्हतं. जगदेवरावांनी मला मिठी मारली.

१५ एप्रिल, मंगळवार

नळी भरीव ओतली आहे, आता ती लेथवर पोखरायची. बाहेरून सोन्यासारखी निघाली. आतलं भोक मात्र मला विचारात पाडतं आहे. या धातूचा चुरा कोरडा आणि कडकडीत पडतो, आगकाडी मोडल्यासारखा. आज तो बोटांना चिकटला. मी लेथवर पाणी सोडलेलं नव्हतं. नाकाशी नेला तर गाळाचा वास, जुन्या विहिरीच्या तळाचा असतो तसा.

ओतात कुठे पोकळी राहिली असेल म्हणावं, तर त्या रसाच्या आगीत पाणी कसं टिकेल? बायकोशी, निताशी, फोनवर बोललो, तिला हे सांगितलं नाही. अखजीला घरी या, तुमच्या बाबांची घागर तुमच्याच हातानं भरली पाहिजे, असं ती म्हणाली. तोवर काम संपतं, येतो म्हटलं.

१८ एप्रिल, शुक्रवार

ऊन असं की शेडचा पत्रा तडतडतो. लेथच्या मुठीला फडकं गुंडाळल्याशिवाय हात लावता येत नाही. आणि तोफ थंड आहे. दुपारी तिच्यावर माठावर यावेत तसे थेंब येतात आणि खालच्या लाकडी ठोकळ्यांत मुरतात. जगदेवराव खूश आहेत. समुद्रावर सकाळी तोफा अशाच भिजलेल्या असायच्या म्हणतात. मी म्हटलं, इथे समुद्र नाही. ते हसले. "मी कायले जाऊ आता समुंदराकडे, उकंडराव? तोच येऊन राह्यला."

बोलताना त्यांचा हात सारखा नळीवर होता. लेकराच्या डोक्यावर ठेवावा तसा.

२० एप्रिल, रविवार

सकाळी तोफ गाड्यावर चढवली, वेलबुट्टीवरून शेवटची कानस फिरवली. दृष्ट लागावी अशी दिसते. मग कवायतीप्रमाणे पोचारा करून पाहिला. बोळा बादलीत बुडवला, टपटप पाणी गळत असतानाच आत घातला, फिरवला, बाहेर काढला.

कोरडा. नुसता पिळलेला नाही. उन्हात चार दिवस वाळवलेल्या कातड्यासारखा कडक. पुन्हा भिजवला, पुन्हा घातला. पुन्हा तसाच. नळीला भेग असती तर पाणी खाली सांडलं असतं. गाडा कोरडा, जमीन कोरडी. जगदेवरावांनी माझ्या हातातून काठी घेतली आणि बादली संपेपर्यंत पोचारा करत राहिले. त्यांना घाम नव्हता. चेहऱ्यावर असं समाधान होतं, जसं पंगतीत वाढताना असतं.

२१ एप्रिल, सोमवार

भोकाची खोली मी माझ्या हाताने कापली आहे. मापाच्या काठीला निळा दोरा बांधून ठेवला होता, काठी बुडाला टेकली की दोरा तोंडाशी यायचा. आज दोरा आत गेला. काठी आत गेली. माझी बोटं तोंडाला लागली तरी काठीचं टोक टेकलं नाही. बाहेर काढून पुन्हा घातली, तर बरोबर दोऱ्यापर्यंत.

ऊन लागलं असेल. कांदा खिशात ठेवला, पाणी प्यालो.

मग मन राहिना. शिशाची गोळी घेतली आणि नळी थोडी वर करून तोंडातून सोडली. हातभर नळी. टक् असा आवाज यायला हवा. आला नाही. मी श्वास धरून उभा. बऱ्याच वेळाने, फार खालून, डुबुक.

२३ एप्रिल, बुधवार

दुपारी गाव निजलेलं असतं तेव्हा जगदेवराव शेडमध्ये येतात, तोफेच्या तोंडाशी खुर्ची घेऊन बसतात आणि कान लावतात. मी लेथचं काम असल्याचं दाखवत तिथेच राहतो. ते मधूनच मान हलवतात. हो म्हणतात. एकदा हसले आणि मला म्हणाले की थोरल्या भावाचा आवाज अजून तसाच आहे, बावीस वर्षांचा.

काय म्हणतात ते, असं मी विचारलं. मला वाटलं पाणी मागत असतील.

पाणी नाही, जगदेवराव म्हणाले. हात द्या म्हणतात.

संध्याकाळी पाहिलं, विहिरीवरची कडेची फरशी सरकलेली होती. त्यांनी पहार लावली असावी. मी ढकलून जागेवर आणली. सेवालालला चहा पिता पिता सांगितलं. दोन माणसं लावून फरशांवर दगड टाकू म्हणाला. या वेळी त्याने थट्टा केली नाही.

२४ एप्रिल, गुरुवार

रंगूबाई आल्या. वाकलेल्या, काटक, डोळे अजून तेज. हातपाय धुऊन आधी देवघरात गेल्या. बाहेर आल्या तेव्हा पदर तोंडाशी होता. कोणी काही सांगायची गरज पडली नाही, त्या सरळ शेडकडे चालत आल्या आणि तोफेसमोर उभ्या राहिल्या. मी पाया पडलो. सगळं सांगितलं, माझी रीत, माझं हो म्हणणं.

तोफेच्या तोंडावर त्यांनी तळहात ठेवला आणि लगेच ओढून घेतला. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "म्या त्याहिले पानी देलं, भाऊ. पन्नास वर्सं देलं. हाक माराले तोंड नाही देलं. थे तुमी देलं."

जगदेवराव दारात होते. त्या त्यांना म्हणाल्या, तू आता या शेडात यायचं नाही. सदुसष्ट वर्षांचा माणूस, पण मान खाली घालून उभा होता. मग हळूच म्हणाला, "वहिनी, तुमी मले कायले धरलं तवा?"

रंगूबाईंनी पाठ फिरवली. घरात गेल्या.

२५ एप्रिल, शुक्रवार

आज बार काढला. मी काढला नाही. रंगूबाई सेवालालकडे माणसं सांगायला गेल्या होत्या, मी भाकरी खात होतो. परवानेवाला नमुन्याची दारू सकाळीच देऊन गेला होता. जगदेवराव शेडमध्ये कधी गेले कळलं नाही.

मी धावलो तेव्हा बत्ती तोफेच्या कानाला, बुडाजवळच्या छिद्राला, लागत होती. भक्कन जाळ झाला, गाडा मागे सरला, नळीतून पांढरा धूर निघाला. आवाज नाही. काहीच नाही. जगदेवराव बोट वर करून उभे, ऐका म्हणाल्यासारखे.

आवाज मागून आला. लिंबाखालून. फरशांच्या खालून. जमीन पायांना जाणवेल असा. लिंबावरचे कावळे एकदम उठले. मग फरशांच्या फटींतून धूर वर आला, आणि त्या धुराला दारूचा वास नव्हता. गाळाचा.

पोचारा त्यांनी केलाच. विसरले नाहीत.

२६ एप्रिल, शनिवार

वितळवायचं ठरवलं. मोडलं तर मीच मोडायला हवं. भट्टी सकाळपासून पेटवली, कोळसा पांढरा होईपर्यंत फुंकली. तोफ आत ठेवली. वरून पाण्याचे थेंब येत राहिले, कोळशावर पडून चर्र होत राहिले. दुपार झाली. भट्टी आत धगधगते आणि मधोमध ती, ओली, हिरवट. शेवटी निखारेच काळे पडले. सांडशीने बाहेर काढली. हाताला गार.

रंगूबाई म्हणाल्या, आगीने ते उठणार नाहीत, ते पाण्याचे आहेत. अखजीला भर दुपारी घागर भरून, नाव घेऊन, एकेकाला उठवीन. उठले की हे नुसतं पितळ. मग वाशीमच्या सोनाराकडे नेऊन पुन्हा टाक करू, देवात बसवू. अखजी बुधवारी. तेवढे दिवस जगदेवला विहिरीपासून लांब ठेवायचं.

ज्योत्स्नाला फोन केला तर जगदेवरावांनीच तो तिच्याशी हसून बोलत माझ्या हातातून घेतला. तब्येत उत्तम आहे म्हणाले. पुण्याला ये म्हणाली, तर एकतारखेनंतर येतो म्हणाले.

रंगूबाईंनी मला बाजूला नेलं. आपले दोन्ही हात माझ्यापुढे धरले, बोटं सांध्यांत वाकडी झालेली. "यात आता जोर नाही राह्यला. तुमी धरा त्याले. सोडू नका, काई झालं तरी."

वचन दिलं. देवासमोर.

२७ एप्रिल, रविवार. अमावस्या

सेवालाल आणि दोन माणसं येऊन फरशांवर दगडांची रास करून गेली. दुपारी पाहिलं, दगड विहिरीभोवती गोल मांडलेले. जणू कोणी काठावर बसायला ठेवलेत. प्रत्येक दगडाखाली ओल.

माणसं पुन्हा आली नाहीत. सेवालाल आला. दगड परत रचले.

जगदेवराव माझ्या खोलीत झोपतात. दाराला आडवी माझी खाट. दिवसा त्यांचा हात माझ्या हातात. लहान मुलांसारखे दोघे शेतातून फिरतो. ते मला समुद्राबद्दल सांगतात. बोलता बोलता थांबतात आणि मान वळवतात, नेहमी एकाच बाजूला.

२८ एप्रिल, सोमवार

आज मलाही ऐकू आलं.

शेडला कुलूप होतं. दुपार. भिंतीला टेकून बसलो होतो, जगदेवरावांचं मनगट धरून. आतून कोणी तरी खोकलं. मग दुसरं. ओल्या छातीचा खोकला. मग पुटपुटणं, फार खालून, एकमेकांना काही सांगत असल्यासारखं. शब्द कळत नव्हते. मग एकदम कळले. ते आपसात विचारत होते — तो दुसरा कोण आहे.

मी जप वाढवला.

२९ एप्रिल, मंगळवार

फरशी पुन्हा सरकलेली. सकाळी कंदील दोरीला बांधून आत सोडला. सात-आठ हातांवर विझला. पुन्हा पेटवून सोडला, पुन्हा विझला. म्हणजे वायू आहे. जो उतरेल तो दोन श्वासांत पडेल. हे जगदेवरावांना दाखवलं. मान हलवली, समजलं म्हणाले.

निताचा फोन. उद्या येणार ना. नाही म्हटलं. बाबांची घागर तूच भर म्हटलं — माझ्या नावाने —

एक दिवस. उद्या दुपारपर्यंत फक्त. धरून ठेवायचं.

३० एप्रिल, बुधवार. अखजी. सकाळ

रंगूबाईंनी नवी घागर आणली. वर खरबूज, जोडीला चिंचेच्या पाण्याची चिंचोणी आणि कुरडई. चौघांची पानं. तोफ शेडमधून लिंबाखाली आणली, तिथूनच उठवावं लागेल म्हणाल्या. मी जगदेवरावांच्या कंबरेला माझा दुपट्टा बांधला, दुसरं टोक माझ्या कंबरेला. त्यांनी बांधू दिलं. माझ्याकडे पाहून हसले.

देवा, दुपार नीट जाऊ दे.

दुपार

लिहितो आहे. लिहीत राहिलं पाहिजे. हात गुंतलेला असला की पाय उठणार नाहीत.

झालं ते असं. रंगूबाईंनी तोफेच्या तोंडात पाणी ओतलं, सासऱ्यांचं नाव घेतलं, उठा म्हणाल्या. घागर रिकामी झाली. तोंडाशी थेंब दिसला नाही. दुसरी. तिसरी. हंडा, बादली, घरातलं सगळं. गावात पाणी नाही आणि ही हातभर नळी — भरेना. चुलत सासऱ्यांची नावं घेतली. शेवटी मालकाचं नाव घ्यायचं होतं. कधी घेतलं नव्हतं. ओठ हलले. आवाज फुटला नाही. आणि आतून त्यांचंच नाव आलं — रंगू — तरुण आवाजात.

त्या कोसळल्या. घागरीवर पडल्या असत्या. मी झेप घेतली. दुपट्टा आड आला. त्यांच्या कंबरेची गाठ ओढली. सोडला.

मीच सोडला. तेवढा एक क्षण.

जगदेवराव धावले नाहीत. चालत गेले. फरशी बाजूला होती — सकाळी नव्हती — बाजूला होती. काठावर बसले, पाय आत सोडले, पोहायला उतरावं तसे. "येतो बाबा," म्हणाले.

रंगूबाई सावध झाल्या आणि रस्त्याकडे गेल्या, हाका मारत. सेवालाल दोर आणि माणसं घेऊन येईल. फोन केला आहे. मी इथे लिंबाला पाठ लावून. दुपट्ट्याने स्वतःला बुंध्याला बांधलं आहे. रंगूबाईंनी त्यांना धरलं होतं त्याच जागी.

कंदील सोडला. विझला.

हाक येते आहे. उकंडराव, दोर टाका. त्यांचा आवाज. स्वच्छ.

वायूत पडलेला माणूस हाक मारत नाही. मला माहीत आहे. तो बोलत नाही. हे कोणी दुसरं —

विहिरीतून येत नाही आवाज. तोफेतून येतो. तोंड माझ्याकडे आहे. मी ते वळवलं नव्हतं.

सेवालाल अजून नाही. रस्त्यावर कोणी नाही. ऊन.

पुन्हा. उकंडराव. हात द्या, वर आलोय, हात द्या फक्त.

आणि जर ते खरंच वर आले असतील — दोन हातांवर — आणि मी इथे बसून वही भरतोय. वचन दिलं होतं. सोडू नका म्हणाल्या. मी सोडलं. पहिल्यांदा ते चौघं तरी एकमेकांसाठी उतरले. मी झाडाला बांधून —

काठावर बोटं दिसतात. ओली. त्यांचीच — नाही — जास्त आहेत.

आता आईचा आवाज — नाही, आई नाही, आई यात नाही, आईला मी ओतलं नाही —

आई म्हणायची फेकलेलं कोणी उचलत नाही. मला उकिरड्यावर टाकलं होतं. मला कोणी नेणार नाही. म्हणून बाकी कोणी नको, मीच जाऊ शकतो. मला काही होणार नाही. दुसरं कोणी आलं तर तो पडेल, त्याला काढायला अजून एक — मी गेलो तर तिथेच थांबेल.

गाठ सोडली. फक्त काठापर्यंत. हात देतो, धरतो, मागे येतो.

सेवालाल, तू वाचशील तर उतरू नको. आवाज माझा असला तरी उत